सोळा कार्डांची साखळी

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की सोलापुरातल्या एका शाळेत बावीस वर्षं गणित शिकवणाऱ्या, दर स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करणाऱ्या आणि भरल्या सभागृहाला एका दमात हसवणाऱ्या प्रस्तुत इसमाला 'एक भागिले सतरा' हा भागाकार येत नव्हता. ही घोषणा कृपया उभं राहून ऐकावी.

बसा, बसा. गंमत केली. मीही बसतो. हल्ली उभं राहून बोलायचा कंटाळा येतो.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही — तिला माझे सगळे किस्से पाठ आहेत, कुठे हसायचं तेही पाठ आहे, पण हा तिच्या कानावर गेलेला नाही. शाळेतल्या मित्रांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर मी पहिल्या वाक्यात तुम्हाला हसवून विषय बदलला असता. — म्हणजे, ते मी आत्ताही केलंच. पाहिलंत?

तर भागाकार. आठवीला एक धडा आहे. काही भागाकार संपतात, काही संपत नाहीत. एक भागिले आठ केलंत तर शून्य पूर्णांक एक दोन पाच येतं, बाकी शून्य उरते, खेळ खलास. हा खंडित दशांश. एक भागिले तीन केलंत तर तीन, तीन, तीन, तीन — तुमचं आयुष्य संपेल, तीन संपणार नाहीत. हा अखंड आवर्ती. तेच अंक फिरून फिरून येतात, आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवी रेघ द्यायची असते. मी त्या रेघेला टोपी म्हणायचो.

हा धडा म्हणजे माझा खास प्रयोग होता. शून्य बाकी आली की मी कमरेत वाकून वर्गाला मुजरा करायचो. आणि तीनाच्या वेळी — अहो, काय सांगू — फळा संपला की मी भिंतीवर तीन लिहायचो, भिंत संपली की दारावर, दार संपलं की व्हरांड्यात. बाहेरून मी ओरडायचो, "अजून येतोय रे, तीनच येतोय!" आणि आत साठ पोरं बाकांवर चढून टाळ्या पिटायची. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकायची. मला या गावात जी काही कीर्ती आहे ती त्या तीनांची आहे.

तास संपला की ते तीन ओल्या फडक्यानं पुसत कुणीतरी व्हरांडाभर फिरायचं. ते नरसय्या मामा. आमच्या शाळेचे शिपाई. कंत्राटावर होते. त्याआधी तीस-एक वर्षं त्यांनी पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जकार्डच्या मागावर काम केलं होतं. तो कारखाना बंद पडला आणि मामा आमच्याकडे घंटा द्यायला आले. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि बहुतेक वेळा काहीच नाही. एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. खरं तर एवढंही नंतर कळलं. पाच वर्षं ते माझे तीन पुसत होते आणि मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं.

आता जरा जवळ या.

ते अंक परत का येतात, हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात लिहिलंय की येतात, म्हणून येतात. कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, "स्वभाव असतो एकेकाचा!" आणि पोरं हसायची. हसलेलं पोर दुसऱ्यांदा विचारत नाही. गणित न येणाऱ्या गणिताच्या शिक्षकाला यापेक्षा मोठी सोय कुठली? नियमही मी माझ्यापुरता सोपा करून ठेवला होता — वर भागाकारात एखादा अंक पुन्हा दिसला, घाल टोपी. तीनाला चालायचं, सहाला, नवाला चालायचं. सातानं भागायची वेळ आली की उत्तर पाठच होतं.

आणि मग एके दिवशी तिसऱ्या बाकावरची संजीवनी उठली आणि म्हणाली, "सर, सतरानं करू या की."

केलं. ऐटीत केलं. शून्य पूर्णांक शून्य, पाच, आठ, आठ — आला, पुन्हा आठ आला! मी खडू हवेत उडवून झेलला आणि आठाला टोपी घातली. मुजरा केला. टाळ्या पडल्या. टाळ्या विरल्यावर संजीवनी हळूच म्हणाली, "सर, बाबांच्या कॅल्क्युलेटरवर आठ-आठच्या पुढं दोन-तीन-पाच येतंय."

"तुझ्या बाबांच्या कॅल्क्युलेटरला जुलाब झालेत," मी म्हणालो.

वर्ग कोसळला. संजीवनीही हसली. हसत हसत तिनं खोडरबर घेतला आणि वहीतलं दोन-तीन-पाच पुसून टाकलं. मी ते पाहिलं. बरोबर उत्तर होतं ते. पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला तरी मी फळ्यासमोर उभा होतो. मामा फडकं घेऊन आले. पुसायच्या आधी ते थांबले आणि त्यांनी माझ्या भागाकाराकडे पाहिलं — वरच्या उत्तराकडे नाही, खाली उतरत गेलेल्या बाक्यांच्या शिडीकडे.

"सर, रागावू नका," ते म्हणाले. "तुमी वर बघताय. वर कापड हाय. खाली बघा की, खाली कार्ड हाय."

मी म्हणालो, "कसलं कार्ड?"

मग त्यांनी सांगितलं. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात. तीच कार्डं. दोऱ्यानं ओवलेली, गोल साखळी. एक कार्ड पुढे आलं की चादरीत एक आडवा धागा पडतो. दुसरं आलं की दुसरा. साखळी फिरून पहिलं कार्ड परत आलं, की चादरीवरचं फूल पहिल्यापासून पुन्हा सुरू. नवशिका कामगार कापडाकडे बघत बसतो. दोन धागे सारखे दिसले की त्याला वाटतं, फूल पुन्हा लागलं. फसतो.

"दोन येगळी कार्डं सारखा धागा टाकत्यात कदी कदी," मामा म्हणाले आणि त्यांनी बोट ठेवलं. "हितं पयल्या आठाला खाली पंधरा हुते. ह्या आठाला चौदा हायत. कार्ड येगळं हाय, सर. फूल अजून फिरलं न्हाय."

माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या आला का? नसेल आला, तुम्ही वर्षानुवर्षं टोप्या घालत फिरला नाहीत.

मी विचारलं, मग कधी फिरणार? मामांना ते अगदी साधं वाटलं. सतरानं भागताय ना, मग बाकी सोळाच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे जास्तीत जास्त सोळा कार्डं. त्यातलं एखादं परत आल्याशिवाय जाईल कुठं? आणि मध्येच शून्य बाकी आली तर? "मग साखळी तुटली. माग हुबा ऱ्हायला." खंडित आणि आवर्ती, दोन्ही. एवढ्यात. मी डी.एड., बी.एड. केलं होतं.

आम्ही दोघांनी तो भागाकार उभ्यानं पुरा केला. मी भागत होतो, मामा खालच्या बाक्या मोजत होते. पाच, दोन, नऊ, चार — सोळावा अंक सात आला आणि खाली एक उरला. सुरुवातीचा एक. मामा नुसते "हां" म्हणाले, आणि घंटा द्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात काय सांगितलं असेल? सांगितलं, "काल मी मुद्दाम चूक केली होती, कोण पकडतंय ते बघायला!" संजीवनीसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. ती खूश, वर्ग खूश. दार उघडं होतं आणि मामा व्हरांड्यात होते. मग कार्डांची गोष्टही सांगितली — माझी म्हणून. वर्गापुरतं काय बिघडतं, असं म्हणालो स्वतःला.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा. चोरी. थांबा. मी तुम्हाला वर कापड दाखवतोय अजून.

पुढच्या आठवड्यात मामा एक पिशवी घेऊन आले. आत साखळी होती. चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेली सोळा कार्डं, जुन्या सुतानं ओवलेली, मागावर असते तशी हुबेहूब गोल. प्रत्येक कार्डावर जितकी बाकी तितकी भोकं — एकाच्या कार्डावर एक भोक, मग दहा, मग पंधरा, मग चौदा, मग चार. भागाकारात बाक्या येतात त्याच क्रमानं. भोकं अशी गोल आणि नेटकी, की मशिननं पाडल्यासारखी. कारखान्यातला भोकं पाडायचा पंच त्यांनी घरी जपून ठेवला होता. एकूण एकशे छत्तीस भोकं आहेत. मी मोजली आहेत. नंतर. बऱ्याचदा.

त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर, एकदा मला दावू द्या की. धा मिनटं. माग बंद पडल्यापास्नं कुणी इचारलं न्हाय मी काय करत हुतो ते. पोरांस्नी वाटतंय मी जलमलोच घंटा द्यायला."

मी म्हणालो, "मामा, दहा काय, पंधरा मिनिटं घ्या!" आणि तेव्हा मला ते मनापासून वाटत होतं. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. मनापासून वाटलेलं मोडायला जास्त वेळ लागत नाही, एवढंच.

त्याच महिन्यात शहरातल्या गणिताच्या शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण आमच्या शाळेत ठरलं. नमुना पाठ माझा — दुसऱ्या कुणाचा असणार? मी मामांना सांगितलं, त्या दिवशी तुमची दहा मिनिटं. माझा खेळ झाला की तुम्हाला हाक मारतो, तुम्ही दारातून साखळी घेऊन यायचं. कसं यायचं, कुठं उभं राहायचं, सगळं मी बसवून दिलं. नाटकातला माणूस ना मी. त्यांनी एक वाक्य पाठ केलं होतं — "मुलांनो, मी चादर विणत होतो." अगदी पुस्तकी, होतो-बितो म्हणून. मला दोनदा म्हणून दाखवलं.

त्या दिवशी मामा खाकी गणवेश न घालता आले. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी दिसत होती. केसांना तेल. साखळी त्यांनी सकाळीच माझ्या टेबलावर आणून ठेवली, गुंता होऊ नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि ते दाराशी जाऊन उभे राहिले.

मी सुरू केलं. पुढे आठवीची पोरं, मागे चाळीस-एक शिक्षक, खुर्चीत एक मोठे साहेब. मुजरा केला — हशा. तीन लिहीत व्हरांड्यात गेलो — हशा, टाळ्या. मामांच्या अगदी पुढ्यातून गेलो, त्यांनी माझ्यासाठी दार धरलं. सतरा घेतलं. आठाला टोपी घातली, आणि मागचे अर्धे शिक्षक माना डोलवू लागले. तेही वरच बघत होते! त्या क्षणी मला कळलं की आता माझ्या हातात जे आहे त्यानं ही सगळी खोली उलटीपालटी होणार आहे. आता हाक मारायची होती. दारात पांढरा सदरा दिसत होता. मी हाक मारली नाही. मी वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली.

साखळी वर उचलली आणि एक एक कार्ड सरकवत गेलो. कापड वर, कार्ड खाली. सोळावं कार्ड सरकलं आणि एका भोकाचं कार्ड फिरून वर आलं, तेव्हा मागचा एक म्हातारा शिक्षक उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मग सगळेच. आयुष्यात मला तशा टाळ्या पुन्हा मिळाल्या नाहीत. त्या कुणाच्या होत्या हे मला ठाऊक होतं, आणि गोड लागल्या. हेही लिहून ठेवतो — गोड लागल्या.

साहेबांनी विचारलं, हे सुचलं कुठून? मी म्हणालो, "सोलापूरचा माणूस, साहेब. चादरीवर बसून चहा पीत होतो. सुचलं." पुन्हा हशा.

दाराशी काय चाललं होतं, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होतो. चहा वाटायला माणूस कमी पडला होता. कुणीतरी मामांच्या हातात ट्रे दिला. त्या इस्त्रीच्या सदऱ्यावर त्यांनी तो घेतला आणि खुर्च्यांमधून कप देत देत ते पुढे येऊ लागले.

पुढचं सांगायच्या आधी नंतरचं सांगून टाकतो. तो पाठ कुणीतरी फोनवर टिपला आणि तो गावोगाव फिरला. मैंदर्गीहून, श्रीपूरहून अनोळखी शिक्षकांचे फोन आले — सर, तुमची चादर पद्धत फार छान. माझी चादर पद्धत. पुढच्या वर्षी मामांचं कंत्राट संपलं. मी निरोपाचं भाषण केलं. त्यांच्या घंटेवर बोललो, वक्तशीरपणावर बोललो, लोक हसले, डोळेही पुसले. मागाचा शब्द काढला नाही. ते हयात आहेत. साखर पेठेत राहतात. शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरापासून चालत गेलो तर लांब नाही. मंडईत भेटतात, "सर, बरं हाय नव्हं?" एवढंच विचारतात. साखळी माझ्या कपाटात आहे. त्यांनी ती कधी मागितली नाही. मी कधी परत नेली नाही. दर वर्षी आठवीला तो धडा येतो, मी ती बाहेर काढतो, पोरं टाळ्या पिटतात. दर वर्षी. तेच अंक, तोच क्रम. मला आता त्या टाळ्यांनी दमायला होतं, पण म्हणून मी थांबलोय असं समजू नका. या वर्षीही केलं.

नाही, मला काही नको आहे. तुम्ही माफ करा वगैरे मी म्हणणार नाही. तुमचं काय गेलंय? आणि जाऊन सांगतो असंही म्हणणार नाही. इतकी वर्षं सांगितलेलं नाही.

उरलं ते एवढं.

मामा कप देत देत माझ्यापर्यंत आले. साहेब बघत होते, सगळी खोली बघत होती, आणि दोन पावलांवर त्यांचा चेहरा होता. मला भीती वाटली. ते बोलले तर? ते पाठ केलेलं वाक्य त्यांनी इथे म्हटलं तर? आणि भीती वाटली की मी काय करतो, तुम्हाला आता माहीत आहे. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकला, खोलीकडे वळलो, आणि माझ्या सगळ्यात खणखणीत आवाजात विचारलं, "काय मामा, पोरांचं जाऊ द्या — तुम्हाला तरी समजलं का काही?"

छप्पर उडेल असा हशा झाला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तोच. संजीवनीही हसत होती.

मामांनी आधी साखळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत टोमणा शोधला मी. तो असता तर बरं झालं असतं. त्यांना बहुधा एवढंच दिसलं की सर घाबरलेत. ट्रे छातीशी सावरत ते घाईघाईनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले —

"व्हय की सर. तुमी लई सोपं करून सांगितलं."